एक कडवं राहिलं

सिंधुबाईने टेपवरचा विणलेला रुमाल उचलला, दारात नेऊन झटकला आणि घडी न करताच कोनाड्यात टाकला. रुमालात धूळ नव्हतीच. नवरा, सहादू, गेल्यापासून ती रोज सकाळी टेप पुसत होती, फक्त लावत नव्हती. तिने वायरीचा गुंडाळा सोडवून पिन बोर्डात खोचली, तसा टेपवरचा बारीक लाल दिवा लागला.

"लाइट आहे," ती म्हणाली. "या, बसा."

उंबऱ्याबाहेर तिघे ताटकळत उभे होते. त्यांनी चपला काढल्या आणि एकामागून एक आत येऊन चटईवर बसले. भिकन, बहिरू आणि सावळीराम. सहादू असताना हेच तिघे दारातूनच आरडाओरडा करत यायचे, पाण्याचा माठ स्वतःच्या हाताने रिता करायचे आणि कुणी कुठे बसायचं यावरून भांडायचे. आज ते लग्नाला मुलगी पाहायला आल्यासारखे अंग चोरून बसले. टेपसमोरची जागा त्यांनी मोकळी ठेवली. तिथे सहादू बसायचा.

"पिशवी आणलीय ना?" सिंधुबाईने विचारलं.

"आणलीय वहिनी," भिकन म्हणाला आणि काखेतली कापडी पिशवी त्याने पाठीमागे सरकवली. "पण घाई नाय. तुम्ही अजून एकदा विचार करा."

"विचार झालाय. विहारात ठेवा. वंदना लावायला होईल. इथं काय, नुसता बसून असतो."

टेपबद्दल बोलतेय की आणखी कुणाबद्दल, ते भिकनला कळलं नाही. त्याने मान हलवली. ठरलं होतं ते असं, की देवराम मास्तरची नवी कॅसेट आज पहिल्यांदा ऐकायची ती सहादूच्या घरी, सहादूच्या टेपवर, जशी आजवर ऐकली तशी. आणि ऐकून झाल्यावर टेप भिकनने घेऊन जायचा.

कुणाला दारूचं व्यसन असतं, कुणाला आकड्याचं. या चौघांना मास्तरचं होतं. चौघेही सातपूरच्या कारखान्यांत कामाला, राहायला एकाच वसाहतीत, आणि 'देवराम मास्तर आणि पार्टी' असा फलक जिल्ह्यात कुठेही लागला की चौघांच्या सायकली तिकडे वळायच्या. निफाड म्हणू नका, सिन्नर म्हणू नका, ओझर म्हणू नका. पाळी असेल तर पाळी बदलून घ्यायची, बदलून मिळाली नाही तर कुणाची तरी आजी मारायची. बहिरूच्या चार आज्या अशा कामी आल्या होत्या. मास्तरची पेटी, रामभाऊचा ढोलक, एक बेंजो, एक क्लॅरिनेट आणि मागे दोन कोरसवाले, एवढा त्या पार्टीचा पसारा. पण मास्तरने पेटीच्या भात्यावर हात ठेवून पहिला आलाप घेतला की मांडवाबाहेर उभे असलेले पोलीससुद्धा टोप्या काढून खाली बसत, असं सावळीराम सांगायचा. सावळीरामच्या सांगण्यातले चार आणे सोडून द्यायचे, पण बारा आणे तरी खरे होते.

चौघांत सहादूचा मान मोठा होता आणि त्याला कारण होतं.

अडुसष्ट साली विंचूरला मास्तरचा कार्यक्रम होता. सहादूचं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून नव्या नवरीला घेऊन तो गेला. मास्तरचं आजीचं गाणं तेव्हा नवीन होतं. मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाच्या वेळी एक म्हातारी भाकरी बांधून निफाडकडून नाशिकला चालत निघते, त्याचं गाणं.

*भाकर बांधून पदराला*
*आजी निघाली नाशकाला*

गाण्याला चार कडवी. त्या दिवशी वेळ संपत आली होती, हवालदार घड्याळ दाखवत होता, आणि त्या गडबडीत मास्तर तिसऱ्या कडव्यावरून सरळ शेवटच्या धृपदावर आले. पुढच्या रांगेत बसलेला सहादू ताडकन उठला आणि त्याने आरोळी ठोकली, "मास्तर, एक कडवं राहिलं!"

मांडवात हशा पिकला. मास्तरने पेटी थांबवली, ढोलक तेवढा चालू राहिला. मास्तर सहादूकडे बघत म्हणाले, "राहिलं का? घ्या मग." आणि चौथं कडवं असं गायले, की सांगणारे आजही सांगतात. हवालदार घड्याळ खिशात टाकून बसला, हे सावळीरामचं.

त्यानंतरची गंमत अशी की मास्तर ते कडवं विसरायचेच. मुद्दाम. तिसरं कडवं झालं की पेटी थांबायची, ढोलक नुसता ठेका धरायचा, आणि मास्तर मांडवात नजर फिरवत राहायचे. मग कुठून तरी सहादूची आरोळी यायची. "राहिलं का? घ्या मग." लोक त्याचीच वाट बघत. एकदा ओझरला कुणा पोरसवदा माणसाने आगाऊपणा करून आधीच ओरडून टाकलं, तर मास्तरने ऐकलंच नाही असं केलं आणि सहादू ओरडेपर्यंत ठेका चालू ठेवला. ती आरोळी सहादूची होती. त्यावर त्याचा हक्क होता.

सिंधुबाई मात्र त्या पहिल्या दिवशी लाजेने अर्धी झाली होती. परत येताना एसटीत तिने सहादूला सुनावलं होतं, "चार माणसांत मान खाली घालायला लावली. लग्न मास्तराशीच करायचं होतं ना."

ते ऐकून सहादू पोटभर हसला होता. पुढे तो हसतच राहिला आणि ती सुनावत राहिली, आणि संसार झाला. पोरगी तापाने फणफणलेली असताना हा सिन्नरला गेला, तेव्हा ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. त्याने तिकडून पुडीभर रेवड्या आणल्या होत्या. त्या तिने पोरीला दिल्या, स्वतः एकही तोंडात टाकली नाही.

घरात तर त्या आरोळीने उच्छाद मांडला होता. ताटात चटणी वाढायची राहिली की सहादू बाहेरून ओरडायचा, "मास्तर, एक कडवं राहिलं!" डब्यात कांदा घालायचा राहिला, शर्टाचं बटण लावायचं राहिलं, की तेच. सिंधुबाई आतून म्हणायची, "कडवंच राहतं माझ्या वाट्याला. गोड सगळं तुमच्या मास्तरला." त्याची ती आरोळी मात्र तिने स्वतःच्या तोंडून कधी काढली नाही. त्याची हौस त्याच्यापाशी.

"लावू का वहिनी?" बहिरूने विचारलं. कॅसेट त्याच्या हातात होती. वेष्टणावर मास्तरचा रंगीत फोटो होता. अंगात कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे निळ्या रंगाचा पडदा.

"लावा की. मी चहा टाकते."

"ती जुनी कॅसेट..." सावळीरामने चाचरत विषय काढला. "निफाडच्या कार्यक्रमाची, सहादूनं स्वतः भरलेली. तिच्यात त्याचा आवाज होता. ती जर..."

"टेपनं खाल्ली ती. दिवाळीत. पेन्सिल घालून किती गुंडाळली त्यांनी, पण नाही लागली."

"फेकली?"

"त्यांनीच फेकली. माहीत होतं का कुणाला?"

सिंधुबाई स्वयंपाकघरात आली. स्वयंपाकघर म्हणजे त्याच खोलीचा मागचा तुकडा, मध्ये एक साडीचा पडदा. तिने स्टोव्हला पंप मारला, काडी लावली, पातेल्यात पाणी ओतलं.

जानेवारीत पहिली पाळी सुटल्यावर सहादू बसच्या थांब्यावर छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. भिकन बरोबर होता. घरी आणलं तेव्हा बायकांनी हंबरडा फोडला, विंचूरहून पोरगी आली ती दारातच कोसळली. सिंधुबाईने दारासमोर पडलेल्या पाहुण्यांच्या चपला जोडीजोडीने लावून ठेवल्या. मग सहादूचा कामाचा डबा घासला. तिला रडू येईल म्हणून बायका दोन्ही बाजूंनी दंड धरून बसल्या होत्या, त्यांचे हात अवघडले, पण रडू आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीतही आलं नाही. पोरगी परत सासरी गेली त्या दिवशीही आलं नाही.

"रड बाई," शेजारची अंबूबाई म्हणायची. "रडल्यानं मोकळं होतं माणूस. असं धरून ठेवू नये."

"येत नाही तर काय उसनं आणू?"

अंबूबाई उठून गेली, पण नळावर बोलायची ती बोललीच. सिंधुबाईच्या कानावर ते आलं. त्याचाही तिला राग आला नाही. राग यायला हवा, एवढं तिला समजलं.

कशाचंच काही वाटत नव्हतं. स्टोव्हवर हात भाजला तो तिला फोड आल्यावर दिसला. जिभेची चव गेली होती. आमटीत दोनदा मीठ पडलं तरी ती जेवली. मागे एकदा हेच तिघे येऊन गेले होते, तेव्हा तिने त्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि स्वतःही प्यायली. तिघांनी कप तळापर्यंत रिकामे केले, एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी बहिरूच्या बायकोकडून अंबूबाईला, आणि अंबूबाईकडून तिला कळलं. तेव्हापासून ती साखर मोजून टाकायची. चमचा, चमचा, चमचा. जीभ सांगत नाही तर निदान हाताने सांगावं.

पण रात्री डोळा लागत नसे तेव्हा एक गोष्ट छळायची. आपल्याला त्या माणसाचं काहीच नव्हतं की काय. इतकी वर्षं त्याला बोल लावले, त्याच्या मास्तरला बोल लावले, त्याच्या हसण्यावर तोंड फिरवलं. तेच खरं असेल, आणि म्हणून डोळ्यांत पाणी नाही. हे तिला कुणाला विचारता येत नव्हतं. ज्याला विचारावं तो फोटोत जाऊन बसला होता, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, कारखान्याच्या ओळखपत्रासाठी काढलेल्या फोटोत, न हसता. हा माणूस उभ्या जन्मात न हसता बसलेला तिने पाहिला नव्हता, आणि फोटो मिळाला तो तसला.

बाहेर खटका दाबल्याचा आवाज आला आणि कॅसेट सुरू झाली.

सुरुवातीला काही तरी शिट्टीसारखं वाजलं. मग टणटण, टणटण असा एकसारखा ठेका.

"हे काय हाय?" बहिरू म्हणाला. याचं नाव बहिरू, पण चौघांत कान याचाच तिखट. मांडवाच्या मागच्या टोकाला बसून तो बेंजोची कुठली तार उतरलीय ते सांगायचा. "ढोलक कुठंय?"

"कॅसिओ म्हणतात त्याला," सावळीरामने माहिती पुरवली. "मुंबईत आता असंच असतं. एकच माणूस बटणं दाबतो, सगळी वाद्यं वाजतात."

"मग बाकीच्यांनी काय, टाळ्या वाजवायच्या?"

"गप ऐक ना," भिकन म्हणाला.

मास्तरचा आवाज आला. तिघेही पुढे झुकले. आवाज मास्तरचाच होता, पण तळाशी बसलेला. पूर्वी ज्या ठिकाणी तो पतंगासारखा वर जायचा तिथे आता कोरसच्या पोरी पुढे होत होत्या आणि मास्तर त्यांच्या मागे सावकाश चालत होते. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. दुसऱ्यातही तेच टणटण. तिसऱ्यात मास्तरने एक तान घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

"रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा बसला असंल," सावळीराम म्हणाला.

"वय झालं," भिकन म्हणाला.

"वय झालं म्हणून काय झालं? शब्द बघ ना. शब्द तेच हायेत, खणखणीत."

"शब्द लय चांगले हायेत," बहिरूने लगेच मान्य केलं. ज्या गोष्टीला तिघांपैकी कुणी कधी नावाजलं नव्हतं तिला आज नावाजावं लागत होतं. सात वर्षं या कॅसेटची वाट पाहिली होती. मास्तर पुण्यानुमोदनाला आले होते तेव्हा म्हणाले होते, "वहिनी, कॅसेट येतेय आमची. सहादूला सांगितलं होतं मी." आणि मग, कुठे काय बोलून गेलो असं वाटून, त्यांनी पायात चपला अडकवल्या होत्या. लोक म्हणत होते दोन ओळी गा, पण ते गायले नाहीत. सहादूच्या फोटोला हात जोडून, "जयभीम, येतो," एवढंच म्हणून गेले.

पहिली बाजू संपली. टेपचं बटण आपोआप उडालं. तिघेही त्या बटणाकडे बघत राहिले. आपण म्हातारे झालो आहोत ही बातमी कुणीतरी घरी आणून दिल्यासारखं त्यांचं झालं होतं.

"वहिनी, जाऊ का आम्ही?" भिकनने विचारलं. "राहिलेली बाजू विहारात ऐकू."

"चहा होतोय," आतून सिंधुबाई म्हणाली. "ऐका सगळी. पैसे पडलेत तुमचे."

बहिरूने कॅसेट उलटी घातली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लग्नाचं होतं, दुसरं जयंतीचं. सिंधुबाईने पाण्यात पत्ती टाकली, दूध ओतलं. साखरेचा डबा फळीवरून खाली घेऊन ओट्यावर ठेवला, झाकण काढलं, चमचा हातात घेतला. तेवढ्यात बाहेर पुढचं गाणं लागलं. शिट्टी वाजली नाही, टणटण झालं नाही. नुसती पेटी वाजली. भात्याचा श्वास ऐकू येईल इतकी जवळून. मग ढोलक. खरा, कातड्याचा.

"रामभाऊ हाय हा," बहिरू हळूच म्हणाला. "रामभाऊचाच हात."

*भाकर बांधून पदराला*
*आजी निघाली नाशकाला*

मास्तरने आवाज चढवायचा प्रयत्नच केला नाही. ते घरच्या ओट्यावर बसून सांगावं तसे गात होते. पहिलं कडवं, आजी वाट चालते. दुसरं, उन्हात पाय पोळतात, बरोबरच्या बाया तिला झाडाखाली बस म्हणतात, ती बसत नाही. सिंधुबाईच्या हातात चमचा तसाच होता. हे गाणं तिने मांडवात जेवढं ऐकलं नसेल तेवढं या ओट्यापाशी उभी राहून ऐकलं होतं. सुटीच्या दिवशी सहादू बाहेर दाढी करत असायचा, निफाडची कॅसेट लावलेली असायची, आणि कॅसेटमधल्या स्वतःच्या आरोळीबरोबर तो पुन्हा एकदा ओरडायचा, गालाला साबण फासलेला, वस्तरा हवेत. दोन सहादू एकदम ओरडायचे. ती म्हणायची, "एक होता तो पुरे होता."

तिसरं कडवं. देवाचं दार बंद, आजी पायरीपाशी उभी.

पेटी थांबली.

ढोलक नुसता ठेका धरून राहिला. एक आवर्तन. दुसरं. बाहेर भिकनने मान खाली घातली. बहिरूचा हात टेपकडे गेला आणि मध्येच थांबला. सावळीरामने ओठ उघडून मिटले. ती आरोळी त्यांची नव्हती. तिघांपैकी कुणी ती कधी मारली नव्हती, आणि आज मारायची कुणाची छाती नव्हती. ठेका चालू होता. मास्तर कुठल्या तरी मुंबईच्या बंद खोलीत, कान देऊन थांबले होते.

दूध उतू जाताना बाईचा हात जसा विचार न करता पुढे होतो, तसंच झालं.

"मास्तर, एक कडवं राहिलं," सिंधुबाई म्हणाली.

ती ओरडली नाही. जेवायला चला, असं सांगावं तशा आवाजात म्हणाली. म्हणून झाल्यावरच तिला ते ऐकू आलं.

"राहिलं का?" टेपमधून मास्तर म्हणाले. क्षणभर थांबून म्हणाले, "घ्या मग."

*भाकर तशीच पदराला*
*आजी आली गं घराला*
*देव नाही भेटला, तर*
*पाटी द्या माझ्या पोराला*

मास्तर कडवं गायले, पुन्हा गायले, धृपदावर आले आणि गाणं संपलं. नंतर टेपची नुसती खरखर राहिली, ती बराच वेळ चालली आणि बटण उडालं.

"कंपनीवाल्यानं हे ठेवलं कसं?" बहिरू म्हणाला. "ऐकणाऱ्याला काय कळणार? कुणी बोललं नाय आणि मास्तर जबाब देतात."

"सवय हाय मास्तरची," सावळीराम म्हणाला. "एवढ्या वर्षांची. तिथं आलं की थांबायचंच."

"सवय असंल तर नुसते थांबले असते," भिकन म्हणाला. "कुणी काय बोलल्याबिगर 'घ्या मग' कशापायी म्हणाले असते?"

याच्यावर सावळीरामने चार आण्यांचीही भर घातली नाही.

पडदा सरकला. सिंधुबाई ताटलीत चार कप घेऊन आली. तिघांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कप मात्र अदबीने दोन्ही हातांनी घेतले. चौथा कप घेऊन ती टेपसमोरच्या मोकळ्या जागेवर बसली. ती जागा कुणाची होती हे तिच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलंही असेल. तिघे चहा पिऊ लागले. बहिरूने एक घोट घेतला, भिकनकडे पाहिलं आणि दुसरा घेतला. सावळीराम बशीत ओतून फुंकर मारत राहिला.

सिंधुबाईने कप तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. मग गिळला. तिने कपाकडे पाहिलं, तिघांच्या कपांकडे पाहिलं.

"साखर राहिली," ती म्हणाली.

"असू द्या वहिनी," भिकन घाईने म्हणाला. "चांगला झालाय."

"काय चांगला झालाय? कडू आहे." तिने कप खाली ठेवला. "कडू लागतोय मला."

सिंधुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "डबा आणते," म्हणाली, आणि पडद्याआड गेली.

साखरेचा डबा हाताशीच होता, ओट्यावर, झाकण काढलेला. तरी तिला बराच वेळ लागला. आधी चमचा फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग जो आवाज आला तो ऐकून भिंतीपलीकडे अंबूबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं असावं, कारण तिकडची खडखड थांबली.

बाहेर तिघे गुडघे जवळ घेऊन बसून राहिले. कुणी हाक मारली नाही. भिकनने पाठीमागची पिशवी ओढून घेतली, मांडीवर ठेवून तिची नीट घडी घातली, घडीची पुन्हा घडी घातली आणि खिशात कोंबली. चहावर साय धरत होती. बहिरूने हात लांब करून टेपचं बटण दाबलं आणि कॅसेट मागे फिरवायला घेतली.